खडखडीला भाषांतर लागत नाही

महाराष्ट्रातल्या वेवजीहून गुजरातेतल्या उंबरगाव स्टेशनकडे निघालेल्या माणसाला राज्य बदलल्याचं डोळ्यांनी कळत नाही. तेच ताड, तीच कौलं, तशीच चहाची टपरी, आणि टपरीवर अर्धं वाक्य मराठीत सुरू करून अर्धं गुजरातीत संपवणारी तीच माणसं. कळतं ते कानाला, आणि गाडी जुनी असेल तर बुडाला. एका ठरावीक ठिकाणी चाकाखालचं ‘सर्रर्र’ थांबतं आणि ‘घर्रर्र’ सुरू होतं. किंवा उलट. कुठलं राज्य सर्रर्र आणि कुठलं घर्रर्र हे मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण ते बदलत असतं. ज्या बाजूचं टेंडर नुकतंच निघालेलं असतं ती बाजू सर्रर्र. दोन पावसाळे उलटले की तीही घर्रर्र.

१ मे १९६० पर्यंत हा घोळ नव्हता. अख्खा उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यातच होता. राज्यं वेगळी झाली तेव्हा त्यातली ४७ गावं आणि ३ शहरं गुजरातेत गेली, २७ गावं महाराष्ट्रात राहिली. ती आधी डहाणूला जोडली आणि पुढच्या वर्षी तलासरी वेगळं झालं. वाटणी करणाऱ्यांनी गावं नीट मोजली. गॅरेजं कुणाच्या वाट्याला जातात हे तेव्हा कोण बघणार? त्यामुळे वेवजीच्या गाडीचा आजार महाराष्ट्रात सुरू होतो आणि डॉक्टर बहुधा सीमेपलीकडे भेटतो. पेट्रोलही पलीकडे स्वस्त. एमएच ४८ पाटीची गाडी दर आठवड्याला परराज्यात जाऊन पोट भरून येते आणि येताना नवीन आवाज घेऊन येते.

गॅरेजात पहिला प्रश्न ठरलेला. “बोलो काका, शुं थयुं?”

“आवाज येतो.”

“केवो अवाज?”

इथे माणसाची कसोटी लागते. बँकेतून निवृत्त झालेला, आयुष्यभर इस्त्रीच्या सदऱ्यात वावरलेला गृहस्थ भर गॅरेजात गाल फुगवतो, ओठ थरथरवतो आणि म्हणतो, “ब्रुऽऽर्र... मग मध्येच टक् टक्... आणि ब्रेक दाबला की कुंईऽ.” पंक्चर काढायला थांबलेली चार माणसं लगेच सल्लागार मंडळ स्थापन करतात. एक म्हणतो बेअरिंग, दुसरा म्हणतो टायर, तिसरा म्हणतो विकून टाका. मेकॅनिक कुणाकडे लक्ष देत नाही. तो तोच आवाज स्वतःच्या तोंडाने काढतो, जरा खालच्या पट्टीत. “आवो?” “नाही, थोडा जाड.” “आवो?” “हां, हाच!” गाण्याच्या क्लासात इतक्या आस्थेने सूर जुळवलेला कुणी पाहिला नसेल.

भाषेचा प्रश्न या सगळ्यात कुठेच येत नाही. खडखड गुजरातीतही खडखडच, घरघर ती घरघरच. सीमेवरच्या माणसाला दोन्हीकडे समजणारा हाच शब्दसंग्रह, आणि त्याला ना कुठला फलक लागतो ना अधिसूचना. मराठी तर या बाबतीत गर्भश्रीमंत आहे. मोटारीच्या कंपन्यांत गोंगाट, कंपन आणि कर्कशपणा यांच्यासाठी अख्खा विभाग असतो, अभियंते त्यावर हयात घालवतात. आपल्याकडे आजीनेही कुरकुर, किरकिर, भुणभुण आणि धुसफूस यांतला फरक कुठलंही यंत्र न लावता सांगितला असता. तिचा अनुभव सुनांचा असला तरी वर्गीकरण गाडीला चालतं. कुरकुर करतो तो सुकलेला रबरी बुश. किरकिरतं ते डॅशबोर्डचं प्लास्टिक. खडखडतो तो कुठेतरी सैल झालेला पत्रा, बहुतेक वेळा सायलेन्सरवरचा. खुळखुळतं ते दाराच्या खिशातलं नाणं. सूंऽ येते ती दाराच्या कडेच्या बीडिंगमधून. धडधड इंजिनाची, थडथड रस्त्याची. ‘गाडीतून आवाज येतो’ असं मोघम बोलणारा चारशे रुपयांचं काम चार हजारांना करून घेतो. ‘डाव्या वळणावर घरघर वाढते’ असं सांगणारा उजवं बेअरिंग बदलून जेवायच्या वेळेला घरी असतो. वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो, एवढं साधं त्यामागचं कारण.

मात्र मेकॅनिक शेजारी येऊन बसला की गाडी गप्प होते.

हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्याला दैवी मानण्याचा मोह होतो. पण कारणं जमिनीवरचीच आहेत. सकाळी थंड असलेलं रबर कडक असतं, गॅरेजपर्यंत येईतो ते तापून मऊ पडतं. ऊन लागलं की प्लास्टिक फुगून आपल्या खाचेत घट्ट बसतं. आणि रिकाम्या सीटची जी सळई एरवी वाजते, तिच्यावर आता ऐंशी किलोचा मेकॅनिक बसलेला असतो. तो तीन किलोमीटर फिरतो, म्हणतो, “काका, कशुं नथी,” आणि उतरतो. तो उतरला की सळई पुन्हा सुरू.

मालकाची दुसरी अडचण म्हणजे त्याला स्वतःला अर्धे आवाज ऐकूच येत नाहीत. त्याचे कान गाडीबरोबरच जुने झालेले असतात. ऐकू येतं ते पाहुण्याला. गाडीत बसून पुण्याच्या भावाला फोन लावला की पलीकडून विचारणा होते, “पिठाच्या गिरणीत आहेस का?” त्या दिवशी मालक दुखावतो आणि गाडी ‘सायलेंट’ करून घ्यायचं ठरवतो. इथून त्याचं खरं शिक्षण सुरू होतं.

पहिला धडा असा की दोष बहुतेकदा इंजिनाचा नसतो. सगळे बॉनेटकडे बोट दाखवतात, कारण तिथे काहीतरी फिरताना दिसतं. पण गाडी एकसारख्या वेगाने चालली असेल तर साधारण ताशी ४०-५० किलोमीटरच्या पुढे टायर आणि रस्ता यांचा आवाज इंजिनावर मात करतो. खात्री करायची सोपी रीत आहे. मोकळ्या रस्त्यावर वेग तोच ठेवून एकदा तिसऱ्या आणि एकदा चौथ्या गिअरमध्ये चालवायचं. आवाजाची पट्टी बदलली तर इंजिन, नाही बदलली तर चाकं. मग खालचा रस्ता बदलला की आवाज बदलतो का ते बघायचं. बदलला तर टायर, तसाच राहिला तर बेअरिंग. ही दुसरी परीक्षा द्यायला पुण्या-मुंबईच्या माणसाला वेगळा रस्ता शोधावा लागेल. वेवजीकराला सीमेपर्यंत गेलं की झालं. राज्य पुनर्रचनेचा हा फायदा कुठल्या आयोगाच्या लक्षात आला नसावा.

महामार्गावर प्रकरण आणखी रंगतं. घोडबंदरपासून तलासरीकडे येणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावर अलीकडे डांबरावर काँक्रीटचा थर चढवला गेला. काँक्रीट टिकायला चांगलं, पण ओल्या रस्त्यावर चाक घसरू नये म्हणून त्यावर आडवे वळ उठवलेले असतात, आणि टायर त्या वळांवरून दात वाजवत जातो. नेहमीच्या काँक्रीट रस्त्यात साधारण साडेचार मीटरवर सांधा असतो. ताशी ६० किलोमीटरने चाललं तर सेकंदाला जवळपास चार ठोके. ही लय द्रुत कहरव्याच्या आसपास जाते. नव्या गाडीत ती लांबून ऐकू येते. वीस वर्षांच्या गाडीत तबला मांडीवर असतो.

टायर म्हणजे काळं गोल रबर, एवढीच बहुतेकांची समजूत. त्याची जन्मतारीख त्याच्या अंगावर लिहिलेली असते हे फार थोड्यांना ठाऊक. बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सात-आठ वर्षांचं रबर खडबडीत रस्त्यावर कडक तळव्याच्या चपलेसारखं वाजतं. शॉकअप मेलेले असतील तर टायर उड्या मारत झिजतो, त्याच्या कडेला हाताला लागतील असे चढउतार तयार होतात, आणि मग तो थेट बेअरिंगसारखा घुमतो. अशा टायरपायी नवीकोरी बेअरिंगं घातलेल्या गाड्या या पट्ट्यात कमी नाहीत. हवेचंही तसंच. ‘चाळीस भर, मायलेज मिळेल’ म्हणणारा माणूस मायलेज किती मिळवतो ठाऊक नाही, पण रस्त्यातला प्रत्येक खडा मणक्यापर्यंत पोचवतो. दाराच्या चौकटीवर कंपनीने हवेचा आकडा चिकटवलेला असतो. तो वाचणं हा आवाज कमी करण्याचा जगातला सर्वांत स्वस्त उपाय आहे, म्हणूनच त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

आता थरथर. जुन्या गाड्यांत आजही जिची आठवण सर्वांत जास्त निघते ती मारुती ८००. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. ७९६ सीसीचं, तीन सिलेंडरचं इंजिन. सिलेंडर तीन असले की इंजिन पुढच्या आणि मागच्या टोकाला आळीपाळीने झुलत राहतं. उभ्या गाडीत मिनिटाला ८०० फेरे धरले तर सेकंदाला २० धक्के. हे धक्के गाडीच्या अंगाला लागू नयेत म्हणून इंजिन रबरी माउंटिंगवर बसवतात. पंधरा वर्षांनी त्या रबराचा दगड होतो किंवा ते फाटतं, आणि सिग्नलला उभ्या गाडीतला आरसा मागच्या ट्रकचे चार ट्रक दाखवू लागतो. माउंटिंग बदलणं हे अर्ध्या दिवसाचं काम. तरी ते शेवटी सुचतं, कारण ते खाली असतं आणि दिसत नाही.

डहाणू-तलासरीत थरथरीला आणखी एक संदर्भ आहे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाच्या छोट्या-मोठ्या धक्क्यांची मालिकाच सुरू झाली. घरांना तडे गेले, लोक थंडीत घराबाहेर तंबूत झोपले. त्यात थट्टा करण्यासारखं काही नाही. पण तेव्हापासून इथला माणूस उभ्या गाडीत थरथर जाणवली की आधी किल्ली फिरवून इंजिन बंद करतो, खात्री करतो, आणि मगच मेकॅनिकला शिव्या देतो. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने या भागात भूकंपमापक बसवले. धक्का बसला हे एका यंत्रालाही कळतं. तो कुठून आला हे कळायला तीन-चार ठिकाणची यंत्रं लागतात, आणि लाटा कुठे आधी पोचल्या, कुठे मागाहून, यावरून केंद्र काढतात. गाडीतला आवाज शोधायची रीतही हीच. एकाने चालवायचं, एकाने मागे बसायचं. डिक्कीत बसायला कुणी तयार होत नाही, म्हणून मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून तो डिक्कीत ठेवायचा. घरी येऊन ऐकलं की अर्ध्या तासाच्या खडखडाटात केंद्रबिंदू स्पष्ट ओळखू येतो. बहुतेकदा तो स्टेपनीखालचा पाना असतो.

पण असं एकेक करून शांतता मिळत नाही, आणि याला गणित जबाबदार आहे. डेसिबल हे माप साध्या बेरजेचं नाही. दोन सारखेच मोठे आवाज चालू असतील आणि त्यातला एक कायमचा बंद केला, तर आवाज निम्मा होत नाही, फक्त ३ डेसिबल उतरतो. कानाला निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. म्हणजे पाना गुंडाळला, सायलेन्सरचा पत्रा आवळला, दोन दिवस खपले, आणि घरच्यांना विचारलं, “फरक वाटतो?” तर घरचे म्हणतात, “कशात?”

त्याहून मोठी फसवणूक पुढे असते. मोठा आवाज लहान आवाजांना पोटात घेऊन बसलेला असतो. तो गेला की ते बाहेर पडतात. खडखड थांबली की घरघर ऐकू येते, घरघर गेली की सूंऽ, सूंऽ बंद केली की आजवर कधीच न ऐकलेली एक बारीक टिकटिक. १९५८ मध्ये डेव्हिड ओगिल्वीने रोल्स रॉइसची जी प्रसिद्ध जाहिरात लिहिली तिचा मथळाच या टिकटिकीवर होता. ताशी ६० मैलांना त्या गाडीत सर्वांत मोठा आवाज म्हणे घड्याळाचा येतो. वेवजीतल्या गाडीत घड्याळ बंदच असतं, त्यामुळे तेवढं एक काम वाचलेलं असतं.

या टप्प्यावर मालकाला ‘शीट’ नावाची गोष्ट कळते. कुणीतरी सांगतं, अमक्याने अख्ख्या गाडीला डॅम्पिंग शीट मारली, आता आत बसलं की देवळात बसल्यासारखं वाटतं. शीट म्हणजे चिकट ब्यूटाइल रबराचा दोन मिलिमीटर थर आणि वर अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा. काम कसं करते ते बघायला दुकानात जावं लागत नाही. दाराचं आतलं पॅनेल काढून बाहेरच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारायची. टणऽऽऽ. रिकामा डबा. आता तळहाताएवढा शीटचा तुकडा मधोमध चिकटवायचा, रोलरने दाबून त्याखालची हवा काढायची आणि पुन्हा टिचकी. ठप्. एवढ्या तुकड्याने अख्ख्या दाराचा सूर बदलतो. पत्रा वाकतो तेव्हा वरचा अॅल्युमिनियम त्याच्याबरोबर वाकायला तयार नसतो, मधलं रबर दोघांच्या ओढाताणीत सापडतं आणि थरथरीची किंचित उष्णता होऊन जाते. दोघांच्या भांडणात तिसऱ्याने तापायचं, हे आपल्याकडे नवीन नाही.

म्हणूनच पत्र्याचा पाव ते एक तृतीयांश भाग झाकला तरी बरंच काम होतं. पण शंभर रुपयांच्या नारळाबरोबर करवंटीही मोजून घेणारा माणूस तीस टक्क्यांवर कसा थांबेल? तो छत, दारं, तळ, डिक्की, सगळं मढवतो. शीट चौरस मीटरला तीन-साडेतीन किलो. ज्या गाडीचं मुळात वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, तिच्यात एक न बोलणारा प्रवासी कायमचा बसतो. शिवाय टणटण थांबवणं आणि बाहेरचा आवाज अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. शीट पहिलं करते. दुसऱ्याला जडपणा लागतो. भिंत दुप्पट जड करावी तेव्हा कुठे हिशेबाने ६ डेसिबल जास्त अडतात. त्या मानाने छताला थोडी शीट लावणं खरोखर फायद्याचं, कारण जुलैमध्ये तलासरीचा पाऊस पातळ छतावर कोसळतो तेव्हा आतल्या माणसांना खाणाखुणांनी बोलावं लागतं.

काटकसरी मंडळी शीटऐवजी घराच्या गच्चीला गळती थांबवायला लावतात ती डांबरी पट्टी आणतात. निम्म्या किमतीत तीच वस्तू, असा त्यांचा दावा. जानेवारीत लावली तर तो खराही ठरतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा पत्रा तापतो, डांबर मऊ पडतं, पट्टी भर दुपारी दाराच्या आत हळूच घसरते आणि काच खाली घेताना तिला बिलगते. पुढचे काही महिने गाडीत बसलं की नुकताच रस्ता झाल्यासारखा वास येतो. या भागात तो वास इतका दुर्मीळ की काहींना आवडतोही.

दारात आणखी एक मेख आहे. दाराच्या खालच्या कडेला दोन-तीन छोटी भोकं असतात. काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. उत्साहाच्या भरात ती भोकंही शीटने बुजवली की पहिल्याच पावसात दारात विहीर होते. वळणावर ‘डबुक्’ असा नवा आवाज सुरू होतो, तो कुठल्याच मेकॅनिकला ओळखू येत नाही, आणि दोन वर्षांत पत्रा खालून खाऊन जातो. गालिच्याखाली पोती, जुन्या गोधड्या किंवा स्पंज कोंबणाऱ्यांची हीच गत. आवाज थोडा शोषला जातो, ओल सगळी शोषली जाते, आणि गणपतीपर्यंत गाडीला गोणपाटाचा कुबट वास धरतो. पाणी न पिणारा, बंद छिद्रांचा फोम मिळतो, तो वापरावा. आणि सायलेन्सरच्या वाटेवर तर काहीच कोंबू नये. आग ही शांत गाडीतही आगच असते.

गोधडीची कल्पना मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिला थोर परंपरा आहे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाला फॉग संग्रहालयातलं घुमणारं व्याख्यानगृह दुरुस्त करायला सांगितलं. त्याने काय केलं, तर रात्री सगळीकडे सामसूम झाल्यावर सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, आवाज किती सेकंदांत विरतो ते स्टॉपवॉचवर मोजायचं आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायच्या. पुढे त्याच्या लक्षात आलं की मोजणाऱ्याच्या अंगावरच्या कपड्यांनीही फरक पडतो. त्याने तीन हजारांहून जास्त नोंदी रद्द केल्या आणि त्यानंतर ठरावीक एकाच पोशाखात मोजमाप केलं. सभागृहांच्या आवाजाचं आजचं शास्त्र त्या गाद्यांवर उभं आहे. माणूस आवाज शोषतो, हे त्याने आकड्यात बसवलं. उंबरगाव स्टेशनबाहेरून सुटणारी इको व्हॅन पाहिली तर हा सिद्धान्त तिथे रोज अमलात आणला जातो. रिकामी इको डब्यासारखी घुमते. तीच दहा-बारा माणसं, दोन पाट्या आणि एक कोंबडी घालून निघाली की स्प्रिंगा दबतात, पत्रा मुका होतो आणि ऐकू येतात ती फक्त माणसं. ती शोषण्याचा उपाय सबाइनलाही सापडला नव्हता.

घुमण्याचं म्हणाल तर हा मुलूखच तारप्याचा. वारली वादक वाळवलेल्या दुधी भोपळ्यात फुंकतो, खालच्या बांबूच्या दोन नळ्या बोलतात, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, आणि श्वास न तोडता सुरू राहिलेला तो एकसुरी घोष रात्रभर नाच फिरवतो. बंद काचांची गाडी हाही एक पोकळ भोपळाच. रस्त्याची थरथर तिच्या नेमक्या सुराला भिडली की कानात दडे बसवणारी घूंऽ सुरू होते, आणि ती ताशी ५५ ला असते पण ५० किंवा ६० ला नसते. अशा वेळी वेग थोडा बदलणं हाच उपाय. मागची एकच काच उघडली की येणारी कानफाडी धप्-धप्-धप् याच जातीची. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर बाटली बोलते तशी गाडी बोलते. पुढची तिरक्या समोरची काच चार बोटं खाली केली की गप्प. खर्च शून्य.

असाच शून्य खर्चाचा दुसरा प्रयोग दहाच्या नोटेचा. दार लावताना बीडिंगमध्ये नोट धरायची आणि बंद दारातून ती ओढायची. ओढताना अडली तर रबर ठीक. सुळकन निघाली तर तिथून वारा, आवाज आणि धूळ तिघेही ये-जा करतात. दाराच्या चारही बाजूंनी नोट फिरवली की दोष कुठे आहे त्याचा नकाशा तयार. आडोशाचं एक निष्ठुर गणित असं की त्यात एक टक्का जागा जरी उघडी राहिली, तरी तो आडोसा २० डेसिबलपलीकडे आवाज अडवू शकत नाही, मग बाकीची नव्व्याण्णव टक्के भिंत किल्ल्याची का असेना. जुन्या गाडीत ही उघडी जागा कुठून येते? कुणीतरी टेप बसवताना वायरीसाठी भोक पाडलेलं असतं, कुणी सीएनजीची नळी नेताना, कुणी तिसऱ्याने रिव्हर्सला भजन लावण्यासाठी. प्रत्येकाने आपापलं भोक पाडलं आणि त्यात बसवायचं पाच रुपयांचं रबर मात्र कुणीच बसवलं नाही. इंजिनाची धडधड त्या भोकांतून थेट ड्रायव्हरच्या पायाशी येते, आणि तो छताला शीट मारत बसतो.

तरीही सर्वांत लोकप्रिय उपाय यातला एकही नाही. तो म्हणजे टेपचा आवाज वाढवणं. घरघर ऐकू आली की गाणं दोन घरं वर. बेअरिंग संपत आलं की चार घरं. बेअरिंग साफ तुटतं तेव्हा डिक्कीत बसवलेला मोठा स्पीकर असं काही दणकत असतो की मालकाला कळतं ते चाक शेजारून पुढे गेल्यावर. आवाज हा गाडीचा एकमेव फुकट सेवक आहे. तो तक्रार करतो म्हणून त्याच्या तोंडात बोळा कोंबायचा की आधी काय म्हणतोय ते ऐकायचं, हा प्रश्न शीटवाला विचारत नाही, कारण त्याला शीट विकायची असते.

दरम्यान, याच तलासरी-डहाणूतून मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग जातो आहे. त्या मार्गाच्या उंच पुलावर दोन्ही बाजूंना आवाज अडवणारी काँक्रीटची पॅनेलं लावायची योजना आहे. रुळाच्या पातळीपासून २ मीटर उंच, एकेक ८०० किलोहून जड. म्हणजे आवाज अडवायचं एकच पॅनेल वेवजीतल्या अख्ख्या मारुतीपेक्षा वजनदार. ती गाडी धावू लागेल तेव्हा खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या वीस वर्षांच्या गाडीला वरून फारसं काही ऐकू येऊ नये. खालचं मात्र वर जाईल की नाही, याचा अभ्यास अजून व्हायचा असेल.

तेव्हा ज्यांच्याकडे अशी गाडी आहे आणि पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण, हरित कर वगैरे भरून जे ती हट्टाने चालवत आहेत, त्यांना एक विनंती. शीटसाठी मुंबईची किंवा वापीची वाट धरण्याआधी एका रविवारी डिक्की पूर्ण रिकामी करा. स्टेपनी आवळा. जॅक, टॉमी आणि पाना जुन्या बनियनमध्ये गुंडाळून दोरीने बांधा. चारही टायरची हवा दारावरच्या आकड्याइतकी करा आणि दहाची एक नोट खिशात ठेवून सीमेपर्यंत एक चक्कर मारून या. त्यानंतरही आवाज राहिला तर खुशाल गॅरेजात जा आणि तोंडाने काढून दाखवा. लाजू नका, तिथे सगळे तेच करतात.